आईचं पुस्तक आणि मंदारदादाचा कर्नल

मंदारदादाला मी माफ केलेलं नाही. हे सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे शेवटी आमची दिलजमाई होईल या आशेवर कुणी हे प्रकरण वाचायला नको. आता माझ्या केसांत पांढरं दिसायला लागलंय, त्याच्या डोक्यावर तर केसच उरलेले नाहीत. लग्नाकार्यात गाठ पडते, तो "काय अनूबाई" म्हणतो आणि मी त्याला पाणीसुद्धा विचारत नाही. माझ्या नवऱ्याला हे फार विचित्र वाटतं. "एका कॉम्प्युटरवरून एवढं?" तो म्हणतो. त्यालाही मी हे तुकड्यातुकड्यांनीच सांगितलंय. सलग कधी सांगितलं नाही.

आम्ही तेव्हा लखनौला गोमती नगरात राहायचो. बाबा वनस्पतींवर संशोधन करणाऱ्या एका सरकारी संस्थेत होते आणि माझा जन्म तिथलाच. घर खालच्या मजल्यावरचं, पुढे हातभर अंगण, त्यात बाबांनी लावलेली कढीपत्त्याची दोन झाडं. गल्लीतल्या अर्ध्या बायका त्याची पानं मागायला यायच्या. उन्हाळ्यात बाहेरच्या खिडकीत कूलर घरघरायचा, त्याच्या वाळ्याच्या ताट्यांचा ओला वास घरभर असायचा, आणि दुपारी लाइट गेली की साऱ्या गल्लीतून एकच आरोळी उठायची, "गई!" मग पंखे थांबायचे आणि शेजारच्या शुक्ला आंटींच्या कुकरची शिट्टी एकदम जवळ आल्यासारखी ऐकू यायची. आई नागपूरची. तिने लखनौशी बाकी सगळ्या बाबतीत जुळवून घेतलं होतं. मटार घातलेले पोहे, तुरीच्या डाळीला अरहर म्हणणं, आल्यागेल्याला "आइए, बैठिए" हे सगळं तिला जमायचं. फक्त एका गोष्टीचं तिला दुःख होतं. ती विचारायची, "अनू, जेवलीस का?" आणि मी म्हणायची, "हाँ, खा लिया." मला मराठी सगळं समजायचं, पण तोंडातून हिंदीच निघायचं. मराठी मंडळातल्या सगळ्याच मुलांचं तसं होतं. गणपतीच्या आरत्या तोंडपाठ, आणि आरती संपली की "यार, प्रसाद दे ना."

मंदारदादा आमच्याकडे आला तो एमसीए करायला. माझ्या आत्याचा मुलगा, नाशिकचा. तिकडे त्याला कुठे प्रवेश मिळाला नाही, इथल्या एका खाजगी कॉलेजात बाबांनी शब्द टाकून मिळवून दिला. बाबांची आई लवकर गेली होती, आत्याने त्यांना वाढवलं, स्वतःचं शिक्षण सोडून त्यांना शिकवलं. त्यामुळे तिचा मुलगा म्हणजे बाबांना देवाच्या जागी. पुढची खोली त्याला मिळाली. पोळ्या त्याला तव्यावरच्या गरम. मलिहाबादच्या दसहरी आंब्यांची पेटी आली की पहिला आंबा त्याच्या हातात. यातलं काहीच मला तेव्हा खुपलं नाही. उलट तो आल्याचा मला आनंदच झाला होता. तो छान बोलायचा, नकला करायचा, संध्याकाळी स्कूटरवर बसवून हजरतगंजला टोकरी चाट खायला न्यायचा.

कॉम्प्युटर त्याच्या आधी आमच्याकडे आलेला होता, पण व्हायरस शिरून सारखा आजारी पडायचा. दादाने कुठल्याशा मासिकाबरोबर फुकट मिळालेली सीडी आणली आणि त्यावर विंडोजच्या जागी लिनक्स नावाची दुसरी प्रणाली टाकली. त्या दिवसापासून तो त्या कॉम्प्युटरचा मालक झाला. "मामा, पासवर्ड माझ्याकडेच राहू दे. यात कुणी हात घातला तर वाट लागेल," तो म्हणाला, आणि 'कुणी' म्हणताना त्याने माझ्याकडे बघितलं. मी तेव्हा अकरावीत होते. मला त्या पेटीच्या आत काय चालतं हे कळून घ्यायची विलक्षण ओढ लागली होती. तो काम करत असताना मी मागे उभी राहायची. "ये क्या है?" विचारलं की तो म्हणायचा, "तुझ्या कामाचं नाही, बाळ." एकदाच, चांगल्या मूडमध्ये असताना, त्याने कर्नल म्हणजे काय ते सांगितलं. कॉम्प्युटरच्या पोटात जो मुख्य कारभारी बसलेला असतो, डिस्कशी, पडद्याशी, कीबोर्डशी जो बोलतो, तो कर्नल. अधूनमधून त्याची नवी आवृत्ती येते, ती उतरवून घ्यायची, बसवायची आणि मशीन पुन्हा सुरू करायचं. ही आवृत्ती बसवणं हा दादाचा सोहळा असायचा. काळ्या खिडकीतून अक्षरं भराभर वर सरकायची, तो हाताची घडी घालून बसायचा आणि आम्ही सगळ्यांनी बघायचं. बाबा ऑफिसात सांगायचे, "आमचा भाचा म्हणजे ना..."

आईचं पुस्तक याच काळात सुरू झालं. मंडळातल्या मुलांसाठी तिला मराठीचं एक वाचनपुस्तक करायचं होतं. नाशिक-पुण्याच्या मुलांसाठी लिहिलेली पुस्तकं आमच्या उपयोगाची नाहीत, असं तिचं म्हणणं. तिच्या धड्यांत गोमती होती, धुक्यात अडकलेली रिक्षा होती, "पहले आप" म्हणत दारातच उभे राहिलेले दोन शेजारी होते, आणि एक पोपट होता जो पाहुण्यांशी हिंदीत बोलायचा आणि मिरची मात्र मराठीत मागायचा. तो पोपट म्हणजे मी, हे मला कळायचं. चित्रं तिने हाताने काढली, पण मजकूर थेट कॉम्प्युटरवर. चाळिशीनंतर ती टायपिंग शिकली. आधी जोडाक्षरं नीट उमटायची नाहीत, 'रात्र' लिहिलं की तुकडे पडायचे. तिने चिकाटीने त्याच्यावरही मार्ग काढला. दुपारी भांडी आवरून, चष्मा लावून, पदर खोचून ती बसायची आणि पुटपुटत टाइप करायची. कागदावर का नाही लिहीत, असं शुक्ला आंटींनी विचारलं तर म्हणाली, "देखिए ना, बिल्कुल छपी हुई किताब जैसा दिखता है." मंडळाने छापायचं कबूल केलं होतं. काम जवळजवळ संपलं होतं.

माझ्या बारावीच्या उन्हाळ्यातली गोष्ट. दुपारी दादाने नवा कर्नल बसवायला लावला, अक्षरं सरकायला लागली, आणि त्याला मित्राचा फोन आला म्हणून तो बाहेर निघून गेला. मी त्याच खोलीत पलंगावर लोळत आंबा खात होते. लाइट गेली. कॉम्प्युटरखालचा बॅटरीचा डबा पीं पीं करायला लागला. मी धावत बाहेर गेले, दादा कुठे दिसला नाही. परत येईपर्यंत डबा गप्प झाला होता आणि पडदा काळा. मी कशालाही हात लावला नाही. माझे हात आंब्याने बरबटलेले होते, हे मला इतकं स्वच्छ आठवतं.

दादा आला तेव्हा लाइट आलेली होती. त्याने मशीन सुरू केलं. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली आणि थांबली, आणि कीबोर्डवरचे दोन दिवे उघडझाप करायला लागले. त्याने चार वेळा बंद-चालू केलं. तेच. त्याचा चेहरा मी बघत होते. तो घाबरला होता. मग बाबा ऑफिसातून आले आणि त्यांनी "काय रे, काय झालं?" विचारताच तो वळून म्हणाला, "अनूने मधेच बटण दाबलं, मामा. मी सांगून गेलो होतो हात लावू नकोस म्हणून."

"झूठ!" मी ओरडले. "मैंने कुछ नहीं किया, लाइट गई थी!"

"मोठ्या भावाला खोटारडा म्हणतेस?" बाबा म्हणाले. त्यांनी मला दुसरं काही विचारलंच नाही. मागून दादाचा समजूतदार आवाज आला, "जाऊ दे मामा, लहान आहे. मी करतो नीट. फक्त सगळं पुन्हा टाकावं लागेल." त्याने सीडी घातली. आईने दारातून विचारलं, "माझं पुस्तक राहील ना रे?" तो म्हणाला, "मामी, ते तर गेलंच. आत काही उरलेलंच नाही आता." आणि डिस्क पुसली. बॅकअप हा शब्द तोवर आमच्या घरात कुणी ऐकलेला नव्हता.

आई मला रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने चित्रं गोळा करून कपाटात ठेवली आणि रात्री नेहमीसारखी खिचडी टाकली. मंडळातल्या बायका विचारायच्या तेव्हा ती म्हणायची, "अहो, गेलं. मुलीच्या हातून चुकून गेलं." 'चुकून' हा शब्द ती माझ्यासाठी घालायची, आणि तो मला सुईसारखा टोचायचा. बाबांनी ठरवलं की कॉम्प्युटर इंजिनिअरिंगचं खूळ पुरे, मुलगी बॉटनी करेल. मला कॉम्प्युटरच्या खोलीत एकटीने बसायची बंदी झाली. दादा पुढे पास झाला, नोएडाला नोकरीला लागला, आणि जाताना पासवर्ड बाबांच्या कानात सांगून गेला. "अनूला देऊ नका हं," हे मोठ्याने.

बाबांना एका बोटाने टाइप करायची सवय होती. त्यांच्या मागून चहाचा कप ठेवताना तो पासवर्ड मला आपसूक कळला. दादा गेल्यावर कॉम्प्युटरचं बघणारं कुणी उरलं नाही. प्रिंटर बंद पडला, पडदा रुसला की बाबा कुणाकडेही न बघता नुसतेच "हं" करायचे आणि अंघोळीला निघून जायचे. ते येईपर्यंत मी नीट करून ठेवायची. बंदी उठली असं कुणी म्हणालं नाही आणि ती पाळली जातेय का तेही कुणी बघितलं नाही. हजरतगंजच्या मागे जुन्या पुस्तकांच्या दुकानात कॉम्प्युटरची मासिकं मिळायची, ती मी बॉटनीच्या वह्यांमध्ये घालून आणायची. सकाळी कॉलेजात पानांच्या शिरा मोजायच्या आणि दुपारी घरी येऊन, आईच्या जागेवर बसून, त्या कर्नलचं पोट उघडून बघायचं. आई स्वयंपाकघरातून बघायची.

अशाच एका दुपारी मी नवा कर्नल बसवला आणि मशीन सुरू करताच काळा पडदा आला. पांढरी अक्षरं. कीबोर्डवरचे तेच दोन दिवे. आता बाबांना काय सांगायचं? मी वेड्यासारखी पुन्हा पुन्हा चालू-बंद करत होते, सुरू होताना हाताला येतील ती बटणं दाबत होते, आणि त्यात एस्केपचं बटण दाबलं गेलं. पडद्यावर एक छोटी यादी आली. पहिल्या ओळीत नवा कर्नल, त्याखाली जुना. मी खालची ओळ निवडली. मशीन सुरू झालं. बाबांचे सगळे पेपर, माझी गाणी, आत्याच्या नातेवाइकांचे फोटो, सगळं जागच्या जागी. नवा कर्नल बसवला तरी जुना तिथेच असतो. नवा नीट बसला नाही तर जुन्याने सुरू करायचं, एवढीच गोष्ट. आणि माणसांच्या फाइली तर वेगळ्याच कप्प्यात असतात, त्यांना धक्कासुद्धा लागत नाही.

मला समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा मी खुर्चीतून उठून अंगणात गेले आणि कढीपत्त्याच्या झाडाची पानं ओरबाडत उभी राहिले. पुस्तक गेलंच नव्हतं. दादा घाबरून मशीन चालू-बंद करत होता तेव्हा ते आत होतं. बाबा मला खोटारडी ठरवत होते तेव्हा आत होतं. आईने दारातून विचारलं तेव्हाही आत होतं, आणि "आत काही उरलेलंच नाही" म्हणून त्याने ते स्वतःच्या हाताने पुसलं. लाइटीने नाही, मी नाही. त्याने. कारण त्याला एक बटण माहीत नव्हतं, आणि माहीत नाही असं म्हणायची त्याची तयारी नव्हती.

हे मी लगेच आईला का सांगितलं नाही, असं नवरा विचारतो. जेवताना सांगितलं असतं तर बाबा म्हणाले असते, "असेल." दादाला फोन केला असता तर तो हसून म्हणाला असता, "तेव्हाची गोष्ट वेगळी होती, बाळ." मला ते तसं वाया घालवायचं नव्हतं. त्याने मला सगळ्यांसमोर नागवं केलं होतं, तर त्यालाही सगळ्यांसमोरच करायचं. मी थांबले. त्या काळात मला अभ्यासाला, देवाला, कशालाही नव्हता इतका धीर त्या एका गोष्टीसाठी होता.

थांबताना मी एकच केलं. दादाने कर्नलांसाठी डिस्कवर जो कप्पा ठेवला होता, तो फारच चिमुकला होता. नवनवे कर्नल येऊन तो भरत यायचा आणि मी वरचेवर जुने काढून जागा करून द्यायची. ते मी करायचं बंद केलं. बाकी कशाला बोटही लावलं नाही. कप्पा त्याचा, मोजमाप त्याचं. मी फक्त झाडू मारायचं थांबवलं. एकेक कर्नल येऊन बसत गेला आणि अखेर आणखी एकाला धड जागा उरणार नाही अशी वेळ आली. मग मी नवं काही बसवलंच नाही. 'नवी आवृत्ती आली आहे' असं सांगणारी खिडकी रोज वर यायची, मी रोज बंद करायची. बाबांचे पेपर मात्र मी वेगळे उतरवून माझ्या कपाटात ठेवले होते. सूड दादावर घ्यायचा होता, बाबांच्या कामावर नाही.

थंडीत आत्या आली. दादाचं लग्न करायचं होतं, आणि कानपूरच्या बापटांची मुलगी सांगून आली होती. बापट बँकेतून निवृत्त झालेले, मुलगी केतकी फिजिक्स शिकवणारी. पत्रिका जुळली होती. बघण्याचा कार्यक्रम आमच्याच घरी ठरला, कारण कानपूर जवळ. दादा नोएडाहून रजा काढून आला. आईने आदल्या दिवसापासून मटारच्या करंज्यांची तयारी केली, गाजराचा हलवा केला, आणि घरभर तुपाचा वास भरून राहिला. मी मटार सोलत बसले होते. "आज खूश दिसतेस गं," आत्या म्हणाली. मी होतेच.

बापट मंडळी आली. इकडचं तिकडचं बोलणं झालं, धुक्याने गाड्या कशा उशिरा धावतात ते झालं. बापटांनी कोपऱ्यातला कॉम्प्युटर बघून विचारलं, "तुम्हीच बसवून दिलाय म्हणे?"

"हो, मीच. यात व्हायरस शिरू शकत नाही," दादा म्हणाला. "एकदाच काय तो घोळ झाला, तोही आमच्या अनूबाईंच्या कृपेने." आणि त्याने ती गोष्ट सांगितली. रंगवून, माझी नक्कल करून, "मैंने कुछ नहीं किया, लाइट गई थी!" असं पातळ आवाजात म्हणून. "मामीचं अख्खं पुस्तक हिने एका बटणात गिळलं!"

बापट हसले. आत्या हसली. आई करंज्यांची थाळी घेऊन उभी होती, आणि पाहुणे बसलेत म्हणून तीही हसली. बाकी सगळं एक वेळ मी विसरेन. त्याने आईला त्या गोष्टीवर हसायला लावलं, ते विसरणार नाही.

मी म्हणाले, "दादा, नवा कर्नल आलाय म्हणून केव्हापासून ती खिडकी वर येतेय. मला बाई भीती वाटते. तू आलायस तर करून दे ना." हे मी स्वच्छ मराठीत म्हणाले. आईने मान वर करून माझ्याकडे बघितलं.

"बघा," दादा पाहुण्यांना म्हणाला आणि खुर्ची ओढून बसला. मी दारात जाऊन उभी राहिले, मुद्दाम, सगळ्यांना दिसेन अशी. अक्षरं सरकायला लागली. मध्येच एक खिडकी आली, जागा अपुरी असल्याची. त्याने ती वाचलीसुद्धा नाही. "हे असंच येतं," म्हणत बंद केली आणि मशीन पुन्हा सुरू केलं. काळा पडदा. पांढरी अक्षरं. दोन दिवे.

त्याने बंद-चालू केलं. पुन्हा तेच. मग तो सवयीने माझ्याकडे वळला. "अनू, तू कशाला हात लावलास?"

"मी इथे उभी आहे, दादा."

"ती इथेच होती हो," बापट म्हणाले. "आणि लाइटही गेली नाही."

"मग आता काय?" बाबांनी विचारलं. त्यांचा सगळा वर्षभराचा अहवाल त्यात होता.

"आता... पुन्हा टाकावं लागेल, मामा. सगळंच."

"आणि माझे पेपर?"

मी दादाला उठू दिलं, ड्रॉवर उघडू दिला, सीडी शोधून शर्टाच्या बाहीला पुसू दिली. आयुष्यात मला पुढे बरीच सुखं मिळाली, पण ती सीडी पुसताना त्याला बघण्याचं सुख काही निराळंच होतं. ती घालायला तो वाकला तेव्हा मी जवळ गेले.

"ऊठ दादा. मला बसू दे."

मी मशीन सुरू केलं, एस्केप दाबलं. यादी आली. एक ओळ खाली येऊन जुना कर्नल निवडला. मशीन सुरू झालं. मी बाबांचा अहवाल उघडला आणि खुर्ची बाजूला घेतली, म्हणजे सगळ्यांना दिसेल. मग सांगितलं, सावकाश, वर्गात सांगावं तसं. की नवा कर्नल जागेअभावी अर्धवट बसला. की ती जागा दादानेच एवढीशी ठेवलेली आहे. की जुना कर्नल तिथेच असतो आणि फाइलींना काहीही होत नाही.

मग आईचा आवाज आला. "अनू, तेव्हाही असंच झालं होतं?"

"हो आई. हेच दोन दिवे."

"म्हणजे माझं पुस्तक आत होतं?"

"होतं. त्याने सीडी घालेपर्यंत होतं."

आईने थाळी टेबलावर ठेवली. केतकीने दादाला विचारलं, "मग तुम्ही डिस्क का पुसलीत?"

"तेव्हा दुसरा उपाय नव्हता," दादा म्हणाला.

"हाच होता की," ती म्हणाली. आवाज अगदी साधा. मग आईकडे वळून म्हणाली, "कसलं पुस्तक होतं, काकू?" आईने सांगायला सुरुवात केली, पोपटापर्यंत आली आणि थाळी उचलून आत गेली.

पाहुणे गेल्यावर आत्या माझ्यावर तुटून पडली. "चार लोकांत माझ्या मुलाची शोभा केलीस! हीच का गं तुझी शिकवण, सुनंदा?" आईने इतक्या वर्षांत आत्याला उलट उत्तर दिलेलं मी ऐकलं नव्हतं.

"माझीच आहे, ताई," आई म्हणाली. "उशिरा का होईना, कामाला आली." मग दादाकडे वळली. "मंदार, उद्याची गाडी किती वाजताची बघ. वाटेत खायला डबा करून देते." तो आठवडाभर राहायला आला होता.

कानपूरहून निरोप आला की पत्रिका जुळत नाही. माझ्या लग्नात केतकीची भेट झाली, तेव्हा आम्ही दोघी त्या पत्रिकेवर पोट धरून हसलो. दादाचं लग्न पुढे दुसरीकडे झालं. आई त्याला गेली नाही, गुडघ्यांचं निमित्त सांगितलं. बॉटनीची पदवी घेतल्यावर मी कॉम्प्युटरचं शिकले आणि आज त्याच्यावरच पोट भरते. आईने पुस्तक मात्र पुन्हा लिहिलं नाही. मी पाठीमागे लागले, टाइप करून देते म्हणाले. ती म्हणाली, "अगं, ते वाक्य आता तसं येत नाही." सूड पुरा झाला तरी हे एवढं राहिलंच. दादाला मी पाणी विचारत नाही ते याच्यासाठी.

त्या बघण्याच्या कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दादा आणि आत्या स्टेशनवर गेले. बाबा सोडायला गेले नाहीत, रिक्षा बोलावून दिली. मग स्वेटर घालून कॉम्प्युटरसमोर येऊन बसले, पण मशीन सुरू केलं नाही.

"अनू, ते बटण कुठलं म्हणालीस?"

मी दाखवलं. त्यांनी मशीन सुरू केलं आणि ते स्वतः दाबलं. यादी आल्यावर ते एका बोटाने ओळी खाली-वर करत राहिले, निवडली कुठलीच नाही.

"तेव्हा मी तुला एकदा नीट विचारायला हवं होतं," ते पडद्याकडे बघत म्हणाले.

आमच्या घरात असं कुणी बोललं की समोरच्याने "जाऊ द्या" म्हणायची पद्धत होती. बाबा त्यासाठी थांबलेही. त्यांनी उभ्या जन्मात कुणाकडे इतकंसुद्धा कबूल केलेलं नव्हतं, हे मला कळत होतं.

"हो बाबा," मी म्हणाले. "विचारायला हवं होतं."

त्यांनी मान हलवली. मग उठून स्वयंपाकघरात आईकडे गेले. तिथे ते काहीतरी बोलले, हळू आवाजात, बराच वेळ. शब्द कळले नाहीत. मी कान देऊन बसले होते, ते आई काय म्हणते त्यासाठी. आई मटार निवडत होती. दाणे ताटलीत पडल्याचा आवाज येत होता. तो थांबला नाही, आणि आईनेही "जाऊ द्या" म्हटलं नाही.